घरातल्या घरात पडणे

प्रबंधासाठी शोधनिबंधांचे कोणते डेटाबेस धुंडाळणार आणि का, हे रेवतीला चार वाजेपर्यंत गाईड मॅडमना कळवायचं होतं. नाहीतर विषय थेट पुढच्या सत्रावर गेला असता. आणि सकाळी दहालाच, ती नर्स होती त्या मालाडच्या हॉस्पिटलातून फोन आला, एक नर्स आली नाही, लगेच ये.

"वाट लागली!" रेवती लॅपटॉपकडे बघत म्हणाली.

"मी आहे ना," सासरे पुढे सरसावले. शरच्चंद्ररावांची तेहेतीस वर्षं रेकॉर्ड खात्यात गेली होती. "विषय काय?"

"म्हातारी माणसं घरात पडतात, त्याबद्दल. बाबा, हे तीन उघडून ठेवलेत. एक सगळ्या विषयांचा, एक डॉक्टरी, एक समाजसेवेचा. कामाचं कुठे मिळतं तेवढं बघा."

ती गेल्यावर शरच्चंद्ररावांनी चष्मा पुसला आणि पहिल्या डेटाबेसात इंग्रजीत 'फॉल' एवढंच टाइप केलं. एकोणीस लाख निबंध आले. पहिला धबधब्यांवर, दुसरा शेअर बाजारावर, तिसरा कुठल्याशा साम्राज्यावर.

"वसुधा, इथे सगळंच पडतंय गं. फक्त म्हातारं कोणी पडत नाहीये."

"मग 'म्हातारे' असं लिहा की," सासूबाई, वसुधाताई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं, आणि डॉक्टरी डेटाबेसात म्हातारे धडाधड पडू लागले. खुबे, मनगटं, डोक्याचे टाके. अकराव्या निबंधाला शरच्चंद्ररावांना घाम फुटला. बाराव्यात लिहिलं होतं, सैल पायपुसणी फार धोक्याची. त्यांनी मान वर करून पाहिलं. बोरीवलीच्या त्या दोन खोल्यांत पायपुसणी पाच होती.

"वसुधा, ऊठ! जागची हलू नकोस!"

"अहो, उठू की हलू नको?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. त्यांनी पाचही पायपुसणी ओढून पॅसेजमध्ये ढीग घातला, बाथरूमची फरशी ओली आहे का ते पाहिलं, घाईने वळले आणि त्याच ढिगाला अडखळून धपकन पडले.

वसुधाताई हातातल्या झाऱ्यासकट धावल्या. मोडलं काही नव्हतं, कंबर तेवढी धरली होती.

"रेवतीला बोलायचं नाही. शपथ आहे तुला."

"का पण?"

"मी संदर्भ शोधणारा माणूस आहे. मला स्वतःला संदर्भ व्हायचं नाहीये."

मग पाठीमागे शेकायची पिशवी घेऊन ते खुर्चीत बसले आणि तिसरा डेटाबेस बराच वेळ वाचत राहिले.

साडेतीनला रेवती धापा टाकत आली. पायपुसणी पुन्हा जागच्या जागी होती.

"बाबा, काय निघालं?"

"पहिला सोड. डॉक्टरी हवाच, काय काय मोडतं ते त्यात आहे. पण समाजसेवेचा अजिबात सोडू नकोस. फार खरं लिहितात गं ती माणसं."

"म्हणजे?"

"म्हातारी माणसं पडली ना, की घरच्यांना सांगतच नाहीत. पोरांना काळजी नको, आपली ऐटही जायला नको. मग बसतात आपली शेकायची पिशवी लपवून."

रेवतीची टाइप करणारी बोटं थांबली. "पिशवीचंसुद्धा लिहिलंय?"

वसुधाताईंनी शपथ पाळली. त्या पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या.

"बाबा, जरा उभे राहून दाखवा बघू."

"चारला दहा कमी आहेत. तू आधी मॅडमना कळव."

रेवतीने दोन डेटाबेसांची नावं आणि चार ओळींचं कारण पाठवलं, लॅपटॉप मिटला आणि मलमाची ट्यूब घेऊन त्यांच्या पाठीशी बसली.

"आता नीट सांगा. कुठे पडलात, कसे पडलात?"

"हे प्रबंधात जाणार का?" शरच्चंद्ररावांनी हळूच विचारलं.

"नाव बदलून," रेवती म्हणाली.