अर्ध्या गाडीचा कंडक्टर

आमच्या शेजारचा बावणे कंडक्टर रोज सकाळी अंगणातली जुनी मोटारगाडी घासतो. पण अर्धीच. घराकडची बाजू आरशासारखी लखलखीत, माझ्या भिंतीकडची बाजू गंजून लाल. तुम्ही म्हणाल, म्हातारा माणूस, दमत असेल, अर्ध्यावर सोडत असेल. तसं नाही बाप्पा. अंगात ताप असो, कमरेत लचक असो, घासेल तर तीच बाजू. दुसरीकडे चुकून फडकं फिरणार नाही.

आता ती भिंत म्हणजे काय, हे आधी सांगतो. मी गवंडी माणूस. शाळा चौथीत सुटली, पण आमच्या पिपरी मेघे गावातली किती घरं माझ्या ओळंब्यानं उभी आहेत ते विचारा कोणालाही. आमच्या दोघांच्या मधली छातीएवढी भिंत मी माझ्या हातानं, माझ्या जागेत बांधली. तिच्यात आजवर एक खिळा कोणाला ठोकू दिला नाही. माझ्या बायकोनं कपड्यांच्या दोरीसाठी एक मागितला होता. मागता मागता गेली बिचारी.

अशा भिंतीकडे हा माणूस सगळा गंज करून ठेवतो आणि चमक तेवढी आपल्या घराकडे! मी एकदा भिंतीवरून विचारलंच.

"काऊन बे कंडक्टर, इकडच्या बाजूनं काय पाप केलं?"

"तिकडच्या दारानं पॅसेंजर चढत नाई, मिस्त्री."

"अन् तिकडच्या दारानं कोन चढून राह्यलं? चाकं विटांवर हाये तुह्ये. विटा बी माह्याच."

"तू पुढं सरक," म्हणाला, आणि घासत राहिला.

बावणे जन्मभर आर्वी डेपोत कंडक्टर होता. स्वतःला गाडी चालवता येत नाही, कधी शिकलाही नाही. "चालवनारा येगळा, घंटी देनारा येगळा," असं छाती काढून सांगतो. ही गाडी त्यानं एका म्हाताऱ्या वकिलाकडून घेतली तेव्हाच ती जुनी होती. जाडजूड पत्रा, दारांवरून लांब चमकत्या पट्ट्या. मुलगा प्रशांत चालवायचा. प्रशांत पुण्याला गेला आणि गाडी तिथंच बसली, म्हशीसारखी.

घासणं झालं की कंडक्टर टपावर बोटांनी दोनदा वाजवतो. टक टक. डबल बेल. आणि मोठ्यानं म्हणतो, "जाऊ द्या!" गाडी कुठं जाते? विटांवरून? पण वाजवल्याशिवाय फडकं खाली ठेवणार नाही. मग त्याची बायको, आमच्या सुमनवयनी, टोपली घेऊन ओसरीवरून उतरतात. गाडीच्या कडेकडेनं तरातरा फाटकापाशी जातात, जास्वंदीची फुलं तोडतात आणि भाजीवाल्याशी भांडतात. वर्षानुवर्षं हेच. मी माझ्या ओट्यावर चहा घेत बघतो. गुडघे गेलेल्या माणसाला दुसरा तमाशा कुठला?

खरं सांगायचं तर त्या घासण्याच्या आवाजानं मी कंटाळलो होतो. खस्स खस्स, खस्स खस्स. झोप तशीही येत नाही, डोळा लागला की हे सुरू.

एका उन्हाळ्यात त्या पट्ट्यांवर पांढुरकी साय चढली. कंडक्टरनं चिंच लावली, राख लावली, भांडी घासतात तसं घासलं. निघेना. मग कोणत्या तरी शहाण्याचं ऐकून संडास धुवायचं ॲसिड ओतलं. झालं! पट्टी चुना फासल्यासारखी पांढरी. मी हसायला भिंतीशी गेलो, तर हा जमिनीवर डोकं धरून बसलेला. दवाखान्याच्या पायरीवर नातेवाईक बसतात ना, तसा.

"मिस्त्री, हे निघन का रे?" त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"निघन. फरशी घासाचा, पान्यात चालनारा पॉलिश पेपर आन, बारक्यातला बारका. ओला करून घास. मंग मेनबत्ती फिरव अन् धोतरानं पूस."

पावसाळाभर पट्टी घासली त्यानं. बोटांची सालं निघाली, पण ती पुन्हा चमकली. मी मनात म्हटलं, भंगारासाठी एवढा जीव टाकतो, हा माणूस आता गेला कामातून.

या दिवाळीच्या आधी प्रशांत आला. पोरगं सरळ आहे, पण घाईचं.

"बाबा, गाडीचा तळ सडला. त्यात साप निघन एखाद्या दिवशी. या खेपेला देऊन टाकू."

"देऊ. अजून स्टॉप नाई आला."

"कधी येईन तुमचा स्टॉप?"

"मी घंटी देईन तवा."

माझ्या ओट्यावर ऐकू येत होतं. मी प्रशांतच्या बाजूचा होतो, कबूल करतो. गाडी गेली तर माझी झोपही परत मिळणार होती.

दोन दिवसांनी कंडक्टरला आर्वीला चुलत भावाच्या तेरवीला जावं लागलं. गाडी घासूनच पहिल्या बसनं गेला. प्रशांतनं तेवढ्यात भंगारवाल्याला बोलावलं. चार माणसांनी ढकलत ढकलत गाडी फाटकाबाहेर रस्त्यावर काढली. ढकलताना तळ खाली आला, तो आवाज गल्लीभर झाला. प्रशांत त्यांच्याशी बोलत बाहेर उभा राहिला.

त्या आवाजानं वयनी ओसरीवर आल्या. हातात टोपली. दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. तोंड इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. मग हळूहळू पाय ओढत निघाल्या, फाटकाकडे नाही, पाण्याच्या उघड्या टाक्याकडे.

"वयनी! टाकं हाये समोर!"

त्या जागीच गोठल्या.

"मिस्त्री, गाडी कुठी हाये?"

गाडी फाटकाबाहेर समोर उभी होती. आंधळ्यालाही दिसावी एवढी मोठी, असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही.

गुडघे सांभाळत वळसा घालून मी त्यांच्या अंगणात गेलो, हात पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"हात नोका देऊ. बोलत राहा फक्त. मी येते आवाजावर."

काय बोलणार? टमाट्याचा भाव बोलत बोलत मी त्यांना ओसरीवर आणलं. प्रशांत फाटकात उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

दुपारी कंडक्टर आला. रस्त्यात गाडी, अंगण मोकळं. सगळं समजला. घरात न जाता पहिल्यांदाच माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"काचबिंदू हाये. सेवाग्रामले दाखवलं. गेली नजर परत येत नाई. एका डोळ्यात जराशी तिरीप उरली. ऊन पडून चमकलं का तेवढं दिसते तिले. पट्टीच्या कडेनं जाते फाटकापरेंत."

"सांगाचं नाई का मले?"

"तिनं शपथ घातली. लोक हात धरतीन म्हने."

"अन् पोराले?"

"पोराले तर आधी नाई. तो घेऊन जाईन तिले पुन्याले. तिथं फ्लॅटात खुर्चीवर बसून राहीन ते बिचारी. इथं तिच्या पायानं फाटकापरेंत जाते, भांडते. तेवढं तरी राहू दे ना."

आम्ही दोघंही दमलेले.

शेवटी तो उठला. गाडीचा तळ गेलेला, ती परत आत येणार नव्हती. फाटकाशी थांबलेल्या भंगारवाल्याला म्हणाला, "गाडी ने. इकडच्या पट्ट्या काढून दे." प्रशांतनं स्वतः पाना घेऊन पट्ट्या काढल्या, एकही न वाकवता. मोकळ्या अंगणात आता माझी भिंत उघडी पडली होती. सकाळचं ऊन तिच्यावरच येतं. कंडक्टर पट्ट्या काखेत धरून भिंतीकडे बघत उभा राहिला. जन्मभर अनोळखी लोकांकडे सुटे मागितले त्यानं, पण माझ्याकडे भिंत काही त्याला मागवेना.

मी घरात गेलो. ड्रिल आणलं, पाणसळ आणली, ओळंबा आणला.

"मिस्त्री, तुह्यी भिंत…"

"गप. धर तिकून. वाकडी लागली तर लोक म्हनतीन भिंतच वाकडी हाये."

ओसरीच्या पायरीसमोरून फाटकापर्यंत, ज्या उंचीवर गाडीवर होत्या त्याच उंचीवर, पट्ट्या लावल्या. एकापुढे एक, सरळ रेघ. टाक्यावर प्रशांतनं झाकण टाकलं. पुण्याचं नाव काढलं नाही.

आता थंडीत कंडक्टरचा खांदा उचलत नाही. काही दिवस मीच जातो घासायला. पहिल्या दिवशी छान घासलं, पुसलं. ऊन आलं, पट्टी पेटल्यासारखी झाली. मी बाजूला उभा. वयनी काही येईनात. टोपली घेऊन उंबऱ्यात उभ्या, कान माझ्याकडे. मला वाटलं, परका माणूस बघून अवघडल्या असतील.

मग ध्यानात आलं.

मी बोटं वळवली आणि पट्टीवर दोनदा वाजवलं. टक टक.

आतून कंडक्टर खोकला. "जाऊ द्या!"

वयनींचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं.