दहावं बटण

खोपकरांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विषय काढला की त्यांच्या दोन-चार गमती सांगायचो, लोक हसायचे. गमती खऱ्याच होत्या, पण एक गोष्ट मी दरवेळी गाळली. आता वय झालं, ती गाळण्यात अर्थ नाही. तरी सुरुवात गमतीनेच करतो. सवय जात नाही.

खोपकर टाइपरायटर तपासायचे ते डोळे मिटून. ठाण्याच्या आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात महिन्यातून एकदा यायचे. यंत्रासमोर खुर्ची ओढायचे आणि टायपिस्टला म्हणायचे, "मारा काहीही." मग मान तिरकी करून ऐकायचे आणि निदान सांगायचे. यंत्राचं नाही, माणसाचं.

"बाई, उजवी करंगळी दुखतेय तुमची."

आमच्या टायपिस्ट नाखवाबाई कोळीवाड्यातल्या, तोंडाने खमक्या. "काल कोलंबी सोलताना टोचलीय. तुम्ही मशीन बघा ना, माझा हात कशाला बघताय?"

खोपकर करंगळीखालच्या बटणांच्या स्प्रिंगा सैल करायचे. "आठ दिवस अशाच राहू द्या. मग येतो."

आणि आठ दिवसांनी त्या घट्ट करायला विठ्ठलवाडीहून खरोखर यायचे.

नव्वद सालच्या सुमारास ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्यात मराठी लिहायची सोय नव्हती, त्यामुळे सहा महिने आम्ही त्याची फक्त धूळ पुसली. टाइपरायटरचे दिवस भरले हे खोपकरांनी आमच्या आधी ओळखलं. पन्नाशीत त्यांनी कल्याणला क्लास लावला, कॉलेजच्या पोरांच्या शेजारी बसून प्रोग्रॅमिंग शिकले. आलेखाच्या कागदावर एकेक मराठी अक्षर ठिपक्याठिपक्याने भरलं. वर्षाने एक फ्लॉपी घेऊन आले. तिच्यात पत्रं लिहायचा अख्खा प्रोग्रॅम होता.

"किती द्यायचे?" मी विचारलं.

"टाइपरायटरचे पैसे घेतो, कारण तो मला येतो. हे येतं की नाही ते अजून बघतोय."

"नाव काय याचं?"

"नाव कशाला? एकच तर आहे."

म्हणून आम्ही त्याला 'खोपकरचं' म्हणायचो. "खोपकरचं चालू करा." "खोपकरचं अडकलं."

त्यात मोजकी कामं होती, एका बटणाला एक. आणखी काही हवं असलं तर खोपकरांची एक अट असे. "कोणाला लागतं? माणूस दाखवा." नुसतं 'असलं तर बरं' म्हटलेलं चालत नसे. एकदा नाखवाबाई तणतणत आल्या, "एकच नोटीस दोनशे जणांना, दोनशेदा नाव बदलायचं! मी माणूस आहे का हमाल?" खोपकर खूश झाले. "हा बघा माणूस!" पुढच्या सोमवारी सोय तयार. त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही होती. प्रत्येक कामासमोर ते ज्याच्यासाठी केलं त्याचं नाव लिहीत. 'एक पत्र, अनेक नावं: नाखवाबाई.' अशी नऊ बटणं भरली.

दहावं माझ्यासाठी होतं.

मला तेव्हा दिसेनासं होत होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनच्या नुसत्या नावाने मला घाम फुटायचा. मी हेडक्लार्क होतो, अधीक्षकाच्या जागेसाठी माझं नाव गेलं होतं. आमच्याकडे एकाची नजर अधू झाली तेव्हा त्याला तळमजल्यावर जुन्या फायलींच्या खोलीत नेऊन बसवलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही. एव्हाना माझ्या टेबलावरही कॉम्प्युटर आला होता, त्याच्या पडद्याला नाक लावून वाचायचो आणि कोणी आलं की मागे सरून विचारात असल्यासारखं दाखवायचो.

एक दिवस खोपकर माझ्या टेबलाशी आले. पडद्याच्या काचेवर मधोमध एक गोल तेलकट डाग होता. माझ्या कपाळाचा. त्यांनी तो बघितला, खिशातलं फडकं काढून पुसला आणि गेले.

आठ दिवसांनी पुन्हा आले. फ्लॉपी घातली, काहीतरी केलं, जाता जाता म्हणाले, "आठल्येसाहेब, दहावं बटण दाबून बघा कधीतरी. कोणी नसताना."

जेवणाच्या सुट्टीत दाबलं. अक्षरं बोराएवढी झाली. माझंच पत्र मी खुर्चीला पाठ टेकून वाचलं. त्यात अकरा चुका होत्या.

दीड वर्ष माझी नोकरी त्या बटणावर चालली. खोपकरांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, मीही नाही.

मग नवे साहेब आले. त्यांना 'पॅकेज' हवं होतं. विकतचं, मराठीचं, चकचकीत खोक्यातलं. नियमाप्रमाणे तुलनात्मक तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. मी खोक्याची मागची बाजू समोर ठेवली आणि भिंगाने वाचून तिथली बेचाळीस वैशिष्ट्यं जशीच्या तशी उतरवली. तळटीप, अनुक्रमणिका, वर्तमानपत्रासारखे रकाने. पुढे दोन कॉलम: पॅकेज आणि खोपकर.

नाखवाबाईंनी तो तक्ता टाइप करताना विचारलं, "साहेब, तळटीप कुठे लावायची? 'उद्या पाणी बंद राहील', त्याच्याखाली?"

"तुम्ही टाइप करा," मी म्हटलं.

पॅकेजपुढे बेचाळीस बरोबरच्या खुणा, खोपकरांपुढे नऊ. त्या पॅकेजमध्ये अक्षर कागदावर मोठं छापता येई, पण पडद्यावर होतं तेवढंच राही. हे मला ठाऊक होतं. 'पडद्यावर अक्षर मोठं' अशी त्रेचाळिसावी ओळ घातली असती तर फुली पॅकेजपुढे पडली असती. पण ती ओळ कोणाला सुचली, हा प्रश्न आला असता.

साहेबांनी खोपकरांना बोलावलं, तक्ता घेऊन मलाही. खोपकर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. टाइपरायटर भंगारात निघाले होते. त्यांचा प्रोग्रॅम राहिला तर ऑफिसात यायला कारण राहील, नाहीतर नाही. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

साहेबांनी तक्ता वाचून दाखवला. "खोपकर, तेहतीस गोष्टी तुमच्यात नाहीत."

"बरोबर आहे साहेब. नाहीत. कोणाला लागतात?"

"आज नसतील लागत. उद्या लागतील."

"उद्या लागल्या तर उद्या सांगा. मी विठ्ठलवाडीलाच आहे."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता. समोरच्या कॉम्प्युटरवर 'खोपकरचं' चालू होतं; बोलता बोलता त्यांनी कीबोर्डवर एकेक बटण दाबून बघायला सुरुवात केली आणि दहावं दाबलं. पडदाभर अक्षरं झाली.

"हे काय? हे तर तक्त्यात नाही. कोणाला लागतं हे?" मग त्यांना गंमत सुचली. "तुमच्याच भाषेत विचारतो. माणूस दाखवा!"

माणूस तीन फुटांवर बसला होता.

खोपकरांनी पंख्याकडे बघितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. माझ्याकडे सोडून सगळीकडे बघितलं. "कोणाला नाही साहेब," ते म्हणाले. "हौस म्हणून केलं."

"बघा! फुकटच्यात काय, वाटेल ते घालता येतं. आठल्ये, हे तक्त्यात घ्यायचं का?"

"नको साहेब," मी म्हटलं. "अवांतर आहे."

पॅकेज आलं. बेचाळिसांतली सहा-सात कामं आम्ही वापरली, तीही खोपकरच्यात होतीच. मी अधीक्षक झालो. अधीक्षकाला कागद वाचून दाखवतात, ही सोय मला आधी माहीत नव्हती. खोपकर पुन्हा आले नाहीत. यायला कारण नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं आणि पट्ट्या निघाल्यावर महिन्याभरात डोंबिवलीहून विठ्ठलवाडीला गेलो. माफी मागायला. वाक्य घोकून ठेवलं होतं.

खोपकरांनी दार उघडलं, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "झालं वाटतं ऑपरेशन! फार बरं झालं."

खोलीत एक खाट, स्टोव्ह आणि टेबलावर कॉम्प्युटर. 'खोपकरचं' चालूच होतं. वापरणारं आता कोणी नाही, असं त्यांनीच सांगितलं, हवा गरम आहे असं सांगावं तसं. तरी दर वर्षी ते त्यात सुधारणा करत. दहावं बटण प्रत्येक वेळी तपासून घेत.

"आता काढायला हरकत नाही म्हणा," ते म्हणाले. "माणूस बरा झाला."

मग त्यांनी ती वही काढली, कुठलं तरी जुनं पान शोधलं आणि माझ्यासमोर उघडी ठेवली. नऊ कामं, नऊ नावं. दहावं: 'अक्षर मोठं.' त्यापुढची जागा कोरी होती. इतक्या वर्षांत त्यांनी ती स्वतः भरली नव्हती.

"चहा टाकतो," म्हणून ते स्टोव्हकडे वळले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. बराच वेळ. एवढा वेळ चहाला लागत नाही.

माझ्या खिशात पेन होतं. अक्षरं स्वच्छ दिसत होती.

खोपकर पाठमोरेच म्हणाले, "आठल्येसाहेब?"

पेन खिशातच ठेवून मी वही मिटली.

"साखर अर्धा चमचा," मी म्हटलं.