फ्लॉपीची वाट पाहणारे कार्यालय

तुंगार्लीतल्या एका बंगल्यात, संगणकाच्या डिस्कचे भाग पाडून देणारी प्रणाली सांभाळणारे एक कार्यालय आहे. ते सरकारी असल्यामुळे त्याला बंगला आधी मिळाला आणि काम नंतर.

चैताली तिथे परिवीक्षेवर होती. कायम व्हायचे तर एक तरी ठोस काम दाखवणे भाग होते. म्हणून तिने प्रणालीचा कोड पहिल्या ओळीपासून वाचला. असला आगाऊपणा तिथे पूर्वी कुणी केला नव्हता. तिला दिसले, की डिस्कला हात लावण्यापूर्वी प्रणाली फ्लॉपी शोधते, ती मिळत नाही म्हणून नव्वद सेकंद थांबते आणि पुन्हा शोधते. असे सात वेळा. फ्लॉपी घेणारा शेवटचा संगणक भंगारात जाऊन सतरा वर्षे झाली होती. चैतालीने त्या अकराशे ओळी काढून टाकल्या. काम चार सेकंदांत होऊ लागले.

लगेच तक्रारी आल्या. इतक्या लवकर झाले म्हणजे झालेच नसणार, अशी मावळातल्या तीन कार्यालयांची खात्री पटली. त्यांनी डिस्कचे भाग पुन्हा पाडले, त्यात डिस्क कोरी झाली आणि मधल्या काळात भरलेली माहिती ते घालवून बसले. ठपका अर्थातच चैतालीवर.

"ताई, लय घाई केलीत तुमी," त्यांपैकी मळवलीच्या कार्यालयातले शिपाई गोरखभाऊ म्हणाले. "मशीन थांबायचं तवा मानसं जरा इसावा घ्यायची. आता मशीन थांबतच न्हाई."

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष आदिनाथराव. काढलेल्या ओळी मुळात त्यांनीच लिहिलेल्या, त्यामुळे त्यांचा अधिकार वादातीत होता.

"फ्लॉपी नसते हे आम्हालाही ठाऊक आहे. पण उद्या कुणी आणलीच तर?"

"सर, घालणार कुठे?"

"तो खरेदी विभागाचा विषय."

ओळी परत घातल्या गेल्या. त्या पुन्हा कुणी काढत नाही ना, हे तपासणाऱ्या आणखी दोन हजार ओळी जोडल्या. कामाचे मूल्यमापन लिहिलेल्या ओळींवर होत असल्याने चैतालीचे वर्षाचे काम उणे अकराशे भरले. उणे काम करणारा कर्मचारी नियमांत बसेना, म्हणून तिचे पदच अनावश्यक ठरले.

प्रस्ताव ऑनलाइन मंजुरीला फिरला. 'संपूर्ण वाचून खात्री केली आहे का?' या प्रश्नावर नऊ अधिकाऱ्यांनी 'होय' दाबले, त्यांतल्या दोघांनी तर रजेवरून. चैताली त्याच संध्याकाळी घरी गेली.

मला त्या नऊ जणांची मनस्वी चीड येते. तुम्हालाही येत असेल. परवा मोबाइलवर अठरा पानी अटींखाली 'वाचले, मान्य आहे' हे तुम्ही कितव्या पानावर पोचून दाबलेत?