डागाभोवतीचा निळा गोल

महाजन डॉक्टर माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघतात. आधी पाय. बुऱ्हाणपुरात त्यांचा चामडीचा दवाखाना आमच्या घराला लागून आहे, पण त्यांची तपासणी भाजीबाजारात, रिक्षात, कुठेही चालते. "चप्पल काढा," म्हणतात. एका लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन नवरदेवाचा तळवा उलटा करून बघितला. डाग मेंदीचा निघाला. डॉक्टरांनी तरी पेन काढलंच.

पेन हे त्यांचं खरं हत्यार. आमच्या भागात केळीचा धंदा, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या अंगावर चिकाचे काळपट डाग. डॉक्टर डागाभोवती निळा गोल काढणार आणि ठरलेलं वाक्य टाकणार, "आठ दिवस बघा. फिका पडला तर चीक. नाही पडला तर तो माझा." निम्मं बुऱ्हाणपूर पायावर गोल घेऊन हिंडतं. मी जन्माचा मास्तर. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा धर्म, तेव्हा डॉक्टरांची टिंगल मी मनापासून केली.

मग एके दिवशी गल्लीत त्यांनी मलाच अडवलं. दोन वर्षांपूर्वी माझी किडनी बदलली, बहिणीने आपली दिली. घोट्यापाशी एक जांभळट ठिपका होता.

"चीक आहे हो," मी हसलो. "परवाच दापोऱ्याला केळीत गेलो होतो."

डॉक्टर हसले नाहीत. "सुरेशलाही मी हेच म्हणालो होतो."

सुरेश त्यांचा धाकटा भाऊ, दापोऱ्याचा केळीवाला. त्याचीही किडनी बदललेली. घरात डॉक्टर असून त्याच्या डागाला लिंबू चोळलं गेलं, आणि ते सांगणारे हेच. खरं कळलं तेव्हा रोग फुफ्फुसात पोचला होता; सुरेश वाचला नाही. हे सगळं डॉक्टर माझ्या घोट्याकडे बघत बोलले.

"किडनी टिकावी म्हणून औषधानं अंगाची ताकद दाबून ठेवतात, मास्तर. मग दबून बसलेला व्हायरस डोकं वर काढतो अन् चामडीत कॅन्सर करतो. सगळ्यांनाच होतो असं नाही. पण बघावं तर लागतं ना!"

डॉक्टरांनी ठिपक्याभोवती काढलेला गोल रोज आंघोळीनंतर बायको गिरवायची. "टेंशन नका घेऊ, पाय द्या इकडे," म्हणायची, आणि रात्री स्वतःच बॅटरी लावून ठिपका पुन्हा बघायची. ठिपका फिका पडला नाही, शेजारी दुसरा उगवला. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. डॉक्टरांनी तुकडा काढून इंदूरला पाठवला आणि रोज स्वतः फोन लावत बसले. कॅन्सरच निघाला, पण चामडीपुरता. किडनीच्या डॉक्टरांनी ताकद दाबणाऱ्या गोळ्या बदलून दिल्या.

चार महिन्यांनी महाजन डॉक्टरांनी माझा पाय मांडीवर घेतला. ठिपक्यांच्या जागी फिकट तपकिरी सावली उरली होती. ती ते अंगठ्याने कितीतरी वेळ चाचपत राहिले. मला कायम "तुम्ही, मास्तर" म्हणणारा हा माणूस मान खाली घालूनच म्हणाला, "वेळेत आलास रे, सुरेश."

मी चूक काढली नाही. पाय तसाच त्यांच्या मांडीवर राहू दिला.