नवस माझा, पाय ह्यांचे

नवस बोलायला मला फारसं निमित्त लागत नाही. दूध उतू जाता जाता राहिलं तरी मी देवाला काहीतरी कबूल करून बसते. पण सासूबाईंच्या पायांसाठी बोलले तो नवस मात्र मोठा होता, आणि तो कसा फिटला ते तुम्हांला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, टाके सुकले, डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "हाड छान जुळलंय. आता आजींनी फक्त चालायचं." आजींनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. "माझं चालून झालंय," म्हणाल्या.

नवीन वॉकर कोपऱ्यात उभा. त्यावर मी टॉवेल वाळत घालायला लागले तेव्हा मात्र मला राहवेना. ही बाई घरभर तुरुतुरु फिरायची, माझ्या आधी दुधाखालचा गॅस बंद करायची. ती अशी भिंत बघत पडून राहणार? मी देवापुढे दिवा लावला, डोळे मिटले आणि विचार केला, मागणं पायांचं आहे तर कबूलही पायांचंच काहीतरी करावं. आता माझे पाय दिवसभर स्वयंपाकघरात अडकलेले. म्हणून मोकळे पाय घरात कोणाचे आहेत ते पाहिलं. ते निघाले ह्यांचे.

मी म्हटलं, "देवा, सासूबाई आपल्या पायांनी चालत फाटकापर्यंत जाईपर्यंत आमचे हे रोज सायकलने ऑफिसला जातील."

आता आमचे हे म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले हेडक्लार्क. कोपऱ्यावरून पेनाची रिफिल आणायची तरी स्कूटर काढणारे. सायकल होती घरात, नाही असं नाही. जिन्याखाली होती. तिच्या हँडलला कांद्याची पिशवी आणि कॅरिअरवर जुनी वर्तमानपत्रं.

"मी?" हे उडालेच. "नवस तू बोललीस ना?"

"तुमच्याच आईसाठी बोलले."

"मग तू कर ना काहीतरी!"

"मी बोलले की! सगळं एकट्या माणसाने करायचं का?"

हे आणखी काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात आतून, भिंतीकडे तोंड केलेल्या अवस्थेतूनच, सासूबाईंचा आवाज आला, "नको गं त्याच्या मागे लागूस. त्याला नाही जमायचं. लहानपणी शिकताना सरळ हौदात गेला होता. हौद बाजूला होता, तरी गेला."

ह्यांनी तिथल्या तिथे कांद्याची पिशवी उतरवली.

पहिल्या दिवशी हे सायकलवरून निघाले आणि संध्याकाळी सायकलसह परत आले, एवढंच म्हणते. पॅन्टची उजवी बाजू चेनमध्ये सापडून काळीकुट्ट झाली होती. मी भीत भीत विचारलं, "ऑफिसात कोणी हसलं का हो?"

"हसायला जागेवर कोण होतं? मी पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पॅन्ट मोज्यात खोचली आणि घामाचा शर्ट बदलायला एक इस्त्रीचा शर्ट डब्याबरोबर नेला. ओला शर्ट कपाटामागच्या खिडकीत वाळत घातला. साहेबांनी येऊन विचारलं, "हे काय?" हे म्हणाले, "माझ्या आईचे पाय." साहेब तेव्हापासून ह्यांच्याशी जरा जपून बोलतात, म्हणे.

तक्रारी तर काय विचारू नका. "जाताना वारा समोरून, येतानाही समोरूनच! हा वारा आहे कोणाच्या नोकरीत?" सायकलची सीट म्हणजे पाटावरवंट्यातला वरवंटा. सिग्नलजवळचं कुत्रं स्कूटरला कधी ओळख द्यायचं नाही, ते आता रोज निरोप द्यायला कोपऱ्यापर्यंत येतं. आणि पाण्याच्या टाकीजवळचा तो चढ! तिथे हे उतरून सायकल ढकलत असताना पांढऱ्या कपड्यांतली एक नर्सबाई टिंग टिंग करत सायकलवरून पुढे निघून जाते. रोज! मागे वळून हसत नाही, हेच ह्यांना जास्त लागतं.

पण एक सांगू? त्या तक्रारी ऐकताना मला हळूहळू ह्यांचं कौतुक वाटायला लागलं. स्कूटरवरून येत तेव्हा हे किल्ली फेकत आणि वर्तमानपत्राच्या मागे जात, ते जेवायलाच बाहेर निघत. सासूबाईसुद्धा "मुलगा आला" असं म्हणायच्या नाहीत, "स्कूटर आली" म्हणायच्या. आता हे यायचे ते लालबुंद, धापा टाकत, आणि थेट आईच्या खाटेवर बसून सुरू. आज बेकरीपाशी कसा वास सुटला होता. आज पंक्चर काढणाऱ्याने ट्यूब पाण्यात बुडवली तर बुडबुडे कुठून आले. आज टाकीच्या चढावर मी अर्ध्यापर्यंत उतरलोच नाही, आई!

"आणि नर्स?" सासूबाई भिंतीकडे तोंड करूनच विचारायच्या.

"गेली पुढे."

"जाणारच. तू हौदातला."

एके दिवशी पाहते तर भिंतीकडे पाठ आणि दाराकडे तोंड. मग कळलं, सायकलची घंटी गल्लीच्या वळणावर वाजते ती त्यांना आधी ऐकायची असते. मग खिडकीत खुर्ची लागली. मग वॉकरवरचा टॉवेल त्यांनी स्वतःच माझ्या अंगावर फेकला. व्हरांडा झाला, पायऱ्या झाल्या, अंगण झालं. माझा आनंद गगनात मावेना. फाटकाच्या अलीकडे एक मोठी कुंडी आहे, तिथपर्यंत सासूबाई पोचल्या. आता दोन पावलं, आणि नवस पुरा!

त्या कुंडीपाशी थांबल्या. कमरेला हात लावला, "आई आई गं" केलं आणि मागे फिरल्या.

दुसऱ्या दिवशी कुंडी. तिसऱ्या दिवशी कुंडी. आठवडे गेले, कुंडी काही ओलांडेनात. मी हवालदिल झाले. माझंच काहीतरी कमी पडतंय, देवाला एवढ्याशा सायकलीत समाधान नाही, असं मनानं घेतलं. म्हणून मी नवस वाढवला. म्हटलं, हे टाकीचा चढ न उतरता चढतील. तो हे चढायला लागले (धन्य त्यांची!), तरी कुंडी आहेच. मग म्हटलं, येतानाचा सपाट रस्ता सोडून जातायेता दोन्ही वेळा चढावरूनच जातील. मग म्हटलं, पावसातही खाडा करणार नाहीत.

"तू देवाला घरात आणखी माणसं आहेत हे सांगितलंयस ना?" ह्यांनी एकदा रेनकोट झटकत विचारलं. "सगळं काम माझ्याच टेबलावर येतंय."

पण गेले हो हे. एकही दिवस चुकवला नाही. पोट आत गेलं, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, जिना चढताना गाणं गुणगुणायला लागले. मी रोज दुपारी दार लोटून घेऊन देवापुढे बसायची, डोळे मिटून तासभर एकच मागणं मागायची, देवा, त्यांच्या पायांत तेवढं दोन पावलांचं बळ घाल.

आणि मग ती संध्याकाळ. सासूबाई वॉकर घेऊन कुंडीपाशी, मी पायरीवर भाजी निवडत. वळणावर घंटी वाजली. हे दिसले. ह्यांनी आम्हांला पाहिलं, आणि काय अंगात आलं देव जाणे, "आई, हे बघ!" म्हणत दोन्ही हात हँडलवरून काढून वर केले.

क्षणभर खरंच सुंदर दिसले हो! डब्याची पिशवी डुलतेय, टाय उडतोय, पाखरासारखे हात पसरलेले. मग सायकल डावीकडे गेली आणि हे समोरच्या शिंपीणबाईंच्या मेंदीच्या कुंपणात. दोन मोजेच काय ते बाहेर दिसत होते.

मी भाजी टाकून धावले. फाटकाची कडी काढायला गेले, तर ती आधीच निघालेली. पाहते तर सासूबाई रस्त्याच्या पलीकडे, कुंपणात दोन्ही हात खुपसून मुलाला ओढतायत! वॉकर बिचारा कुंडीपाशी एकटाच उभा.

"लागलं का रे? बोल की! हौद बरा म्हणायचा!"

"नाही लागलं," कुंपणातून आवाज आला. मग जरा वेळाने, "आई, तू फाटकाच्या बाहेर आहेस."

सासूबाईंनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी. मी रस्त्यातच हात जोडले, "देवा, पावलास रे बाबा!"

तेवढ्यात आवाज ऐकून शिंपीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई आजी, आज संध्याकाळीसुद्धा आलात? दुपारचा चहा पुरला नाही वाटतं?"

माझे हात जोडलेले तसेच राहिले.

आता कळलं का तुम्हांला? रोज दुपारी मी डोळे मिटून ज्या पायांसाठी देवाला साकडं घालत होते, ते पाय त्या वेळी समोर शिंपीणबाईंकडे चहाला गेलेले असायचे! दीड महिना! कडी न वाजवता काढायची हातोटीसुद्धा साधली होती.

"सासूबाई, हे काय हो?" मला रडावं की हसावं कळेना. "मी इकडे देवाला वेठीला धरलं होतं!"

"मग काय करू?" सासूबाई मुलाच्या केसांतली पानं काढत म्हणाल्या. "फाटकापर्यंत गेले असते तर तुझा नवस फिटला असता. नवस फिटला की सायकल जिन्याखाली, आणि हा पुन्हा स्कूटरवर. किती वर्षांनी माझ्याशी बोलायला लागलाय गं! दोन पावलं कमी चालले म्हणून काय बिघडलं?"

ह्यांनी मान खाली घातली आणि बराच वेळ मोजा नीट करत बसले. मोजा नीटच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर पुसून ठेवली, किल्ली ह्यांच्या हातात दिली. म्हटलं, "फिटला नवस. सुटलात." ह्यांनी किल्ली हातात घेतली, दोनदा फिरवली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली.

"एकदा त्या नर्सबाईला मागे टाकतो," म्हणाले, "मग बघू." आणि पॅन्ट मोज्यात खोचून निघालेसुद्धा. सासूबाई फाटकाबाहेर जाऊन, अगदी राजरोस, वळणापर्यंत पाहत राहिल्या. मीही पाहत राहिले. नर्सबाई अजून पुढेच जातात, पण आता वळून हसतात. ह्यांनी घरी येऊन ते दोनदा सांगितलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्या सकाळी फाटकातून परत आत येताना सासूबाई मला म्हणाल्या, "सूनबाई, काल तो कुंपणात पडला ना, तेव्हा धावता धावता मीही एक नवस बोलले. म्हटलं, देवा, पोराला काही लागलेलं नसू दे."

"बरं केलंत हो! आणि कबूल काय केलंत?"

"सायकल शिकून बाजारहाट सायकलवरून."

"तुम्ही? ह्या वयात?"

"छे! माझे पाय आत्ता कुठे बरे झालेत. म्हणून मोकळे पाय घरात कोणाचे आहेत ते पाहिलं."

तेव्हा मैत्रिणींनो, सध्या रोज संध्याकाळी हे कॅरिअर धरून मागून धावतात, सासूबाई खुर्ची टाकून "हौद! हौद!" ओरडतात, आणि मी सायकल चालवते. सरळ जाता येतं मला. थांबण्याचं तेवढं अजून राहिलंय. पण खरं सांगते, वारा तोंडावर आला की देव जवळून गेल्यासारखं वाटतं. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, तुम्हीही घरातल्या कोणासाठी तरी सायकलचा एखादा नवस बोलाच. आणि तो फेडायला आमच्या गल्लीतून निघालात, तर जाता जाता शिंपीणबाईंच्या कुंपणावर एक नजर टाका. दोन चपला दिसल्या तर त्या माझ्या. तेवढं बाहेर ओढा.