माळ्यावरची रद्दी

"म्हणजे ही रद्दीच ना?" हातातला राखाडी पुंजका चुरगाळत मोरेश्वरने विचारलं.

"रीसायकल केलेला कागद," इन्सुलेशन कंपनीचा रॉन हसत म्हणाला. "बारीक करून, आग लागू नये म्हणून औषध लावलेला. मशीनने तुमच्या ॲटिकमध्ये पसरवला की वरची धग खाली उतरत नाही."

रॉन हसला आणि मोरेश्वरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. विकणारा माणूस उगाच हसला की कुठेतरी पाणी मुरत असतं, हे त्याचं ठाम मत. त्यात रद्दी. कोथरूडला असताना त्याने जन्मभर रद्दी विकली होती, तीही रद्दीवाल्याच्या काट्यावरून नजर न हलवता. आता तीच पैसे देऊन घरात घ्यायची आणि वर 'थँक यू' म्हणायचं म्हणजे अतीच झालं.

पण गरज मोठी होती. २००६ सालचा जून, टेक्ससमधलं फ्रिस्को, आणि शनिवारी सासू-सासरे यायचे होते. गेल्या उन्हाळ्यात ते आले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या गेस्टरूममध्ये पहिले दोन दिवस बरे गेले. मग खोली जी तापली ती तापलीच. सासूबाईंनी त्याचा सरळ अर्थ काढला, की पाहुणचार संपला आणि जावयाने वरचा एसी बंद केला. आठवड्याच्या आत दोघं धाकट्या जावयाकडे, वेस्ट विंडसरला शंतनूकडे निघून गेली. तेव्हापासून दर फोनला 'शंतनूरावांकडे काय गारवा' हे ऐकून नीलांबरी रडकुंडीला आली होती.

"या वेळी आई अशी निघून गेली ना," तिने नवऱ्याला बजावलं होतं, "तर मीही तिच्याबरोबर जाईन."

म्हणून मोरेश्वर महिनाभर इन्सुलेशन निवडत होता. निवडत होता म्हणजे एकेक नाकारत होता. छताला आतून लावायचा चकचकीत पत्रा त्याला पोळ्या गुंडाळायच्या कागदासारखा वाटला. काचेच्या तंतूंच्या गाद्या होत्या, पण ते तंतू श्वासात गेले तर? इन्सुलेशनचा फेस फवारणाऱ्याने सांगितलं की एकदा वाळला की तो निघत नाही. म्हणजे खाली काय लपवलंय ते कुणाला कधी कळायलाच नको, असं म्हणून मोरेश्वरने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

हा रॉन सुचवला होता दोन घरं सोडून राहणाऱ्या धम्मदीपने. धम्मदीप नागपूरचा, एका टेलिकॉम कंपनीत इंजिनिअर. त्याने स्वतःच्या घरात हाच कागद भरून घेतला होता.

"भाऊ, मी नागपूरच्या उन्हात वाढलो," तो म्हणाला. "उन्हाचं मला नको शिकवू. बिनधास्त करून टाक."

"तुला काही मिळतं का रे त्यांच्याकडून?" मोरेश्वरने विचारलं. "रेफरल वगैरे?"

"मिळतं ना. तुझ्यासारख्याला पाठवल्याबद्दल शिव्या."

शेवटी दुसरं कुणी उरलंच नाही म्हणून रॉन ठरला. कामाच्या दिवशी त्याची माणसं मशीन घेऊन आली. शिडी लावून रॉन वर डोकावला आणि म्हणाला, "गेस्टरूमच्या वरच्या कोपऱ्यात सामान खूप आहे. तेवढं हलवावं लागेल."

मोरेश्वर सावध झाला. त्या कोपऱ्यात रिकाम्या बॅगा होत्या, टीव्हीपासून राइसकुकरपर्यंत सगळ्याचे खोके होते, आणि सासरहून वेळोवेळी आलेल्या भेटी होत्या. याला नेमकं तेच का बघायचंय?

"ते हलवायचं नाही," तो म्हणाला. "हातही लावायचा नाही. तिथे आमच्या खासगी वस्तू आहेत."

"पण मग तिथलं काम नीट..."

"तिथे वरून टाका."

रॉनने खांदे उडवले आणि वरून टाकलं. संध्याकाळपर्यंत माळा राखाडी बर्फ पडल्यासारखा दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी घर गार झालं. वरची झोपायची खोली गार, अभ्यासाची गार, जिन्यातसुद्धा गार. फक्त गेस्टरूम होती तशीच, तापलेल्या तव्यासारखी.

"बघ," मोरेश्वर म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. "मी म्हणत होतो ना? नेमकी तीच खोली सोडली. माल वाचवला साल्यांनी."

नीलांबरी त्याच्याकडे बघत राहिली. "तुला खोली गार व्हायला हवीये, की तुझा संशय खरा व्हायला हवाय?"

त्याने रॉनला फोन लावला. रॉन म्हणाला, सोमवारी येऊन बघतो. सासू-सासरे शनिवारी येणार आणि हा सोमवारी येणार, म्हणजे टाळतोय हे उघड होतं. आता पुरावाच गोळा करायचा, म्हणून शुक्रवारी सकाळी ऑफिसला दांडी मारून, नाकाला रुमाल बांधून, मोजायचा टेप आणि कॅमेरा घेऊन मोरेश्वर स्वतः माळ्यावर चढला.

वर जीव नकोसा करणारी उष्णता होती. फळीवरून सरपटत तो त्या कोपऱ्याशी पोचला. टेप खुपसला. कागदाचा थर सांगितला होता त्यापेक्षा थोडा जास्तच निघाला. त्याला वाईट वाटलं. मग त्याने हाताने उकरायला सुरुवात केली, कारण वरून जास्त दिसलं तरी खाली पोकळ असणार. खाली लागली लाल बॅग. ती त्याने उचलायला गेला, तर जागची हलेना.

आणि त्याला सगळं आठवलं. गेल्या वर्षी 'मिक्सरच्या चटणीला चव नसते' म्हणत सासूबाईंनी जुन्या साडीत गुंडाळून पाटा-वरवंटा आणला होता, थेट विमानातून. किचनच्या ओट्याला चरा पडेल म्हणून मोरेश्वरने तो तिसऱ्या दिवशी गुपचूप बॅगेसकट वर आणून ठेवला होता. अंधारात खाली काहीतरी मऊ मऊ लागलं होतं. बॅग मस्त बसली म्हणून तो तेव्हा खूश झाला होता.

ते मऊ म्हणजे गेस्टरूमला एसीची गार हवा नेणारा जाड पाइप होता. पाट्याखाली तो पापडासारखा चपटा झाला होता.

मोरेश्वर तिथेच घाम पुसत बसला. वर्षभर सासूबाईंची हवा सासूबाईंच्याच पाट्याने अडवली होती. धम्मदीपवर संशय घेतला, रॉनवर घेतला, आणि चोर आपणच निघालो, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कसाबसा पाटा खाली आणला, पाइप हाताने चेपून गोल केला, आणि तासाभरात गेस्टरूममध्ये थंडगार वारं सुटलं. रॉनला त्याने फोन करून सोमवारी यायची गरज नाही असं सांगितलं. का, ते सांगितलं नाही. पाटा मात्र पुसून ओट्यावर सगळ्यांना दिसेल असा मांडला.

शनिवारी सासूबाई आल्या, वर गेल्या आणि लगेच खाली आल्या.

"एवढी गार?" त्या म्हणाल्या. "मोरेश्वरराव, काय हवंय तुम्हाला आमच्याकडून?"

"काही नाही हो, आई. तुमच्यासाठीच केलं सगळं."

सासूबाईंची नजर ओट्यावर गेली. "पाटा वापरता?"

"रोज," मोरेश्वर म्हणाला. नीलांबरीने मान खाली घातली.

सासूबाईंनी पाट्याच्या टाक्यांवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला राखाडी कपटा उजेडात धरला, आणि चष्मा वर करून बारीक अक्षरात उरलेली अर्धी ओळ बघितली.

"रोज वर्तमानपत्र वाटता होय?"

सासूबाई खुर्ची ओढून नीट बसल्या.

"नीलू, शंतनूरावांना फोन करून सांग, आम्ही या वेळी तिकडे येत नाही. पूर्ण मुक्काम इथेच. आम्ही दिलेलं काय काय कुठे गेलंय ते मला सावकाश बघायचंय."

नीलांबरीला इतका आनंद झाला की ती फोन आणायला पळालीच. हवं होतं ते मिळालं, असं मोरेश्वरनेही मनाशी म्हटलं. इतका वेळ सासरे दिवाणखान्यातल्या भिंती एकेक करून न्याहाळत होते. ते आता त्याच्याकडे वळले.

"आणि मी काढलेलं तुमचं तैलचित्र, जावईबापू? ते कुठल्या खोलीत लावलंत?"