लक्ष्मय्याकाकांची दोरी

दोरीचं एक टोक दातात धरायचं, दुसरं हात लांब करून ताणायचं, मधोमध बोटानं टण्णकन वाजवायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. भवानी पेठेतले आमचे शेजारी लक्ष्मय्याकाका गळाची दोरी अशी विकत घेतात. एका दोरीला दीड तास लागतो. मला माहीत आहे, कारण तो दीड तास त्यांची पिशवी धरून मीच उभा असतो.

काकांचा उभा जन्म मागावर गेला. त्यामुळे कुठलाही धागा समोर आला की आधी त्याच्या जाडीची चौकशी होते. "ही किती काउंटची?"

"चाचा, मछली पकडने की डोरी है ये," दुकानदार रफिकभाई कपाळाला हात लावतो. "चद्दर नै बुनना तुमकू."

"दुसरी दाखव. ही लई तोंडाळ हाय."

काकांच्या लेखी दोऱ्या तोंडाळ असतात, घुम्या असतात, काही तर चक्क घमेंडखोर. मला सगळ्या सारख्याच दिसतात. एकदा हुशारी दाखवायला मीही एक दातात धरून वाजवली. आवाज आला नाही, दाढेतलं सिमेंट मात्र बाहेर आलं.

"मास्तर," काका म्हणाले, "तुमी आपली पिशवी धरा."

तरी दर रविवारी मी त्यांच्या मागं हिप्परग्याच्या तळ्यावर जायचो, कटला माशाच्या आशेनं. पहिल्याच रविवारी बायकोला सांगून बसलो होतो, "मसाला वाटून ठेव, मासा घेऊनच येतो." तिनं वाटला. त्यात वांगी पडली. पुढच्या रविवारीही वांगी. तिसऱ्या रविवारी तिनं मी निघायच्या आधीच वांगी चिरायला घेतली.

काकांच्या गळाला मासा लागायचा नाही असं नव्हे. हमखास लागायचा. पाच मिनिटं झुंज चालायची, काका खुशीत येऊन तेलुगूत काहीबाही बोलायचे आणि ऐन काठाशी दोरी तुटायची. दीड तास पारखलेली दोरी! मला वाटायचं, म्हातारा आता रडणार. ते उलट ताजेतवाने होऊन डबा उघडायचे.

चौथ्या रविवारी वैरागहून मेहुणा येणार होता, खास दाजींनी धरलेला मासा खायला. प्रश्न इज्जतीचा होता. आदल्या दिवशी मी एकटाच दुकानात गेलो. "रफिकभाई, बैलालाही तुटणार नाही अशी दे." आणि तळ्यावर काका पाठमोरे होऊन तंबाखू मळत असताना त्यांच्या काठीची दोरी बदलून टाकली.

गळाला हिसका बसला. काकांनी काठी धरली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"ही माझी न्हाय."

पण तोवर कटला वर आला होता, चांगला हातभर. मी नाचलो. बायकोला फोन लावला, "मसाला वाट!"

काका माशाशेजारी मटकन बसले. "तुटली का न्हाय ओ ही?"

"तुटू नये म्हणूनच तर आणली, काका!"

"तुटायला पायजे की. मी तुटनारीच बगून घेतो."

"मग मासे धरता कशाला?"

"धरतंय कोन?" ते पाण्याकडं बघत राहिले. "घरात हातमाग होता तवा गल्लीत ताणा लावायचो. ह्या टोकाला मी, त्या टोकाला आमची घरवाली, सत्तम्मा. मदी चाळीस हात सूत. तिचं तोंड दिसायचं न्हाय, पर वढलं की कळायचं. आज खूश हाय, आज रागात हाय. ती गेली त्याला सात वर्सं झाली. हितं दोरी धरली की पलीकडनं कोनतरी वढतंय ओ. पाच मिंटं का हुईना. त्याला कापून खाऊ व्हय मी?"

कटला तोंडाची उघडझाप करत होता. फोनमधून बायको विचारत होती, "अहो, केवढाय?" मी फोन बंद केला, गळ सोडवला आणि माशाला घेऊन पाण्यात उतरलो. घसरलोही. कटला गेला, एक चप्पलही गेली.

कमरेपर्यंत भिजून वर आलो तर काकांनी काठीवरची ती बैलाची दोरी सोडवली होती. तिचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. दुसरं घेऊन काठाकाठानं लांब चालत गेले आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले.

"वढा की, मास्तर!"

मी ओढलं. त्यांनी ओढलं. मी पुन्हा ओढलं.

"लई ढिला हात हाय तुमचा," तिकडून आवाज आला. मग बऱ्याच वेळानं, मान न वळवता, "आनि एकदा वढा."